कचरूसाठी ठेवलेली दाई

"लेकरू हितं ठेवनार न्हाई म्हंजी न्हाई," असं म्हणून म्हातारीने दवाखान्याच्या पायरीवरच बैठक मारली.

तिच्या मांडीवर नातू होता. दीड वर्षाचा असेल. त्याचा श्वास मला व्हरांड्यातून ऐकू येत होता. बरगड्यांखाली पोट खोल जात होतं, नाकपुड्या फुलत होत्या, आणि ओठांना निळसर रंग आला होता. पोटावर बिब्ब्याचे काळे डाग होते, म्हणजे गावातले सगळे उपाय करून झाले होते. आमच्या भाषेत याला ब्रॉन्को-न्यूमोनिया म्हणतात, फुफ्फुसाला आलेली सूज. गावात म्हणायचे, डबा झाला. नाव कोणतंही घ्या, मुलाला तातडीने आत न्यायला हवं होतं. आणि म्हातारी वाटेत बसलेली.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. पेनिसिलीन जालन्यापर्यंत पोहोचलं होतं, पण दवाखान्यावरचा विश्वास अजून बैलगाडीनेच येत होता. ही मंडळी जालन्याकडच्याच टेंभुर्णीची. शेतकरी माणसं. मुलाचा बाप फाटकाशी बैल धरून उभा होता आणि आईच्या शब्दाबाहेर जायची त्याची काही लक्षणं दिसत नव्हती. सून म्हातारीच्या मागे डोक्यावरचा पदर दातात धरून उभी. तिचं नाव कौसा. विशीची पोर, पण चेहरा पार वाळलेला.

आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादेकडचे. मनाने चांगले, तोंडाने फटकळ. ते दारातून ओरडले, "क्या तमाशा है ये? बच्चे को अंदर लेव जल्दी!"

"आजी, आत चला," मी म्हणाले. "सुई दिली की मूल बरं होईल."

"ह्याच्या आदी दोन गेले, बाई," म्हातारी म्हणाली. "एक घरात गेलं, एक असंच दवाखान्यात ठेवलं आन् गेलं. सटवीनं ह्या सुनंच्या लेकरायच्या कपाळी लिवलंच न्हाई काई. म्हनून तर ह्याचं नाव कचरू ठेवलं. तरी बी तिनं बराबर शोधलं."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. मूल जन्मलं की सहाव्या दिवशी सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहिते, अशी समजूत. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे तिला चकवायला मुलाचं नाव दगडू, धोंडू, कचरू असं ठेवतात. असल्या टाकाऊ वस्तूवर कोण कशाला नजर टाकेल, हा हिशेब.

म्हातारीची नजर माझ्या गळ्यातल्या क्रुसाच्या साखळीवर गेली.

"तुमी किरिस्ताव का?"

"हो. सिस्टर राहेल म्हणतात मला."

"तुमच्यात सटवी येती?"

"अजून तरी आलेली नाही," मी म्हणाले. मला घाई झाली होती.

म्हातारी एकदम उठली. "मंग ह्याला तुमच्या वटीत घ्या. तुमचा झाला म्हंजी तिला काय सापडत न्हाई. मंग ठेवा हितं, सुया टोचा, काय बी करा."

मी सगुणाबाईंकडे पाहिलं. सगुणाबाई आमच्या वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या नर्स. जालन्याच्याच, लहानपणीच विधवा झालेल्या, आणि मुलांच्या वॉर्डात त्यांच्या शब्दाला डॉक्टरसुद्धा वचकून असायचे. मी ट्रेनिंग संपवून आले तेव्हापासून त्याच माझ्या गुरू.

"घे की," त्या म्हणाल्या. "नियमात कुठं न्हाई म्हणलंय? पदर पसर आन् मोकळी हो."

मी पांढऱ्या साडीचा पदर पसरला. कौसाने मुलाला उचललं, माझ्या ओटीत घातलं, आणि तिचे हात क्षणभर तसेच राहिले. म्हातारी म्हणाली, "कौसे, हात काढ. आता त्याच्याकडं बघायचं न्हाई. आपला न्हाई तो." कौसाने हात काढले आणि तोंड फिरवलं.

मी मुलाला घेऊन आत पळाले. एक अडचण सुटली, एवढंच तेव्हा मला वाटलं.

त्या काळी पेनिसिलीन ठरावीक तासांनी टोचावं लागे, दिवसरात्र. एवढ्याशा मांडीवर टोचायला जागा तरी किती? सगुणाबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती. टोचणारी आणि खाऊ घालणारी एकच बाई असता कामा नये. मुलाला नाव कळत नाही, पद कळत नाही, पण हात बरोबर कळतो. ज्या हाताने सुई दिली त्या हातातलं दूध ते कशाला पिईल? म्हणून आमच्याकडे जोड्या असत. कचरूच्या वेळी त्या म्हणाल्या, "तू माय झालीस त्याची, तू पाज. वाईट मी होते. मला सवय आहे."

ताप उतरला. श्वास खाली आला. ओठ पुन्हा लाल झाले. डॉक्टरसाहेबांनी छाती तपासली, नळी कानातून काढली आणि माझ्याकडे बघून मिशीत हसले. "साफ हो रा है. तुम्हारा बेटा बच गया, सिस्टर." ओटीची हकिकत सगळ्या दवाखान्यात पसरली होती. माझी चेष्टा चालली होती. आपल्याला राग येत नाही, उलट बरं वाटतं, हे माझ्या लक्षात आलं, पण कुणाला बोलले नाही.

पण कचरू खाईना.

आमच्या वॉर्डाचा नियम असा होता की वर्षाच्या आतल्या मुलांच्या आया पाजण्याच्या वेळी आत येऊ शकत. वर्षावरच्या मुलांना वाटी-चमच्याने दूध, पेज, मऊ भात. त्यांच्या आया फक्त चार ते पाच या वेळात भेटायला यायच्या. आई सारखी जवळ असली की बाहेरचे रोग आत येतात आणि मुलं रडून डोकं उठवतात, असं तेव्हा सगळे डॉक्टर मानायचे. पुस्तकांतही तसंच लिहिलेलं होतं. कचरू दीड वर्षाचा, आणि म्हातारीने सांगितलं होतं की वरचं खातो. म्हणून त्याला वाटी-चमचा.

पहिले काही दिवस तो रडला. असा रडला की पलीकडच्या खाटेवरची मारवाड्यांची मुलगी कानावर हात ठेवायची. दाराकडे बघून "माय, माय" करायचा. मी त्याला कडेवर घेऊन हिंडायचे, तर माझ्या खांद्यावरून दाराकडेच बघायचा. मग हळूहळू रडणं कमी झालं. एक दिवस थांबलंच. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. चमचा तोंडाशी नेला की दूध ओठांच्या कडेने बाहेर यायचं. थुंकत नव्हता, हट्ट करत नव्हता. नुसतं गिळत नव्हता.

डॉक्टरसाहेब राउंडला आले. "अच्छा है. रम गया. रोता नै अब."

ते गेल्यावर सगुणाबाई पुटपुटल्या, "रमलाय कसला. राहेल, ध्यानात ठेव. रडणाऱ्या लेकराची काळजी करायची न्हाई. रडायचं सोडलेल्याची करायची."

वजनाच्या काट्याने त्यांचंच म्हणणं खरं केलं. ताप नव्हता, छाती साफ होती, तरी मूल रोज उतरत होतं. डॉक्टरसाहेबांनी जंत पाहिले, कान पाहिले, क्षयाची शंका काढली. काही सापडेना. शेवटी म्हणाले, "कल से नाक में नली डालेंगे." म्हणजे नाकातून पोटात रबराची नळी घालायची आणि तिच्यातून दूध ओतायचं. इतक्या खंगलेल्या मुलाला नळी घातली की पुढे काय होतं ते मी पाहिलेलं होतं. दूध श्वासात उतरलं की पुन्हा न्यूमोनिया. आणि दुसऱ्या न्यूमोनियाला त्याच्यात ताकद नव्हती.

त्या दिवशी चारला नेहमीसारखी भेटीची वेळ झाली. आया आत आल्या. मारवाड्यांच्या मुलीची आजी गावातल्या मस्तगड भागातून टांग्याने यायची. तिने डब्यातले चार मुरमुरे कचरूच्या हातावर ठेवले. त्याने मूठही मिटली नाही. ती मला म्हणाली, "सिस्टरजी, याकी माँ नहीं आती? रोज देखती हूँ, इसके पास कोई नहीं आता."

मी तोवर समजत होते की कौसा सासूबरोबर टेंभुर्णीला परत गेली. ओटीत घातलं, आपला नाही म्हटलं, कोण कशाला थांबेल?

मी दुधाची वाटी विसळायला मागच्या अंगणात गेले. तिथे मुलांचे धुतलेले कपडे वाळत घालायची दोरी होती. दवाखान्याकडे पुरेसे कपडे नसत. मुलं घरचेच घालायची आणि आमची धोबीण ते रोज उकळून वाळत घालायची. पलीकडे कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे कौसा उभी होती.

ती माझ्याकडे बघत नव्हती. दोरीकडे बघत होती. हिरव्या खणाच्या एका अंगड्याकडे.

"कौसा?"

ती दचकली आणि निघाली. मी भिंतीवरून हात धरला. "तू गावी गेली नाहीस?"

"न्हाई. सासू गेली. मी धरमशाळेत राह्यले."

"मग भेटायला का येत नाहीस? चार वाजता सगळ्यांना सोडतात आत."

"कोनाला भेटू?" ती म्हणाली. "माझं कोन हाय आत?"

ती दोरीकडे बोट दाखवून म्हणाली, "रोज येते. त्याचं अंगडं वाळत असलं की कळतंय, हाय म्हनून. काल उशिरा वाळत घातलं तुमच्या बाईनं. मी मरून गेल्ते हितं."

दिवसभरात ती एवढंच करत होती. भिंतीशी उभं राहायचं, अंगडं दिसलं की धरमशाळेत जायचं. मग माझं लक्ष तिच्या चोळीकडे गेलं. चोळी दोन्हीकडे ओली होती आणि ती पदराने झाकत होती. आत एक मूल रडत होतं, कुणाचं का असेना, आणि त्या आवाजासरशी हिच्या अंगाला दूध सुटलं होतं.

"कौसा, तो अंगावर पीत होता?"

"हौ. मंग? शेवटचा म्हनून सोडवलाच न्हाई."

"तुझी सासू तर म्हणाली, वरचं खातो."

"खातो की. चटणी लावून भाकर चाटतो. पोट माझ्यावर भरतंय त्याचं."

मी कपाळावर हात मारून घेतला. कोणी खोटं बोललं नव्हतं. आम्ही विचारलं, खातो का. त्यांनी सांगितलं, खातो.

"चल आत. आत्ताच्या आत्ता."

"न्हाई, बाई!" तिने हात सोडवून घेतला. "म्या पाह्यलं तर सटवीला कळंल तो माझा हाय. सासूनं सांगितलंय, बरा होऊन चालाया लागला की सूपभर जवारी देऊन परत घेऊ. तवर तोंड बी पाह्यचं न्हाई. माझ्या नशिबानं दोन गेले. हा तरी तुमच्या नशिबानं राहू दे."

"अगं, तो खात नाही. तुझ्यावाचून झुरतोय. असाच राहिला तर..."

"नका सांगू!" तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. ती रडत होती, पण पाऊल काही पुढे टाकीना.

मी आत आले आणि सगुणाबाईंना सगळं सांगितलं. मी संतापलेली होते. म्हटलं, कसला अडाणीपणा हा! मूल बरं झाल्याशिवाय आई येणार नाही, आणि आई आल्याशिवाय मूल बरं होणार नाही. आता यातून वाट काय?

सगुणाबाई कापसाचे बोळे गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "तिच्यावर चिडून काय होतंय? तिनं तर अवघड तेच करून ठेवलंय. लेकरू दिलं आन् शब्द पाळून राह्यली. तू घेतलंस, तू काय पाळलंस?"

"म्हणजे?"

"माय तू हायेस ना त्याची? मंग मायेनं काय करायचं ते कर. तुला दूध न्हाई. ज्या मायेला दूध नसतंय ती काय करती?"

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. दाई ठेवते.

मी तशीच डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, कचरूला पाजायला दाई ठेवायची आहे."

"दाई? किसकी इजाजत से?"

"त्याच्या आईच्या."

"माँ तो गाँव गई बोले ना?"

"त्याची आई मी आहे, साहेब. तुम्हीच रोज म्हणता."

त्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं. ते भिंत, दोरी, चोळी, सगळं ऐकत गेले. मग म्हणाले, "सिस्टर, ये तो सीधा सीधा माँ को अंदर लेना हुआ. रूल क्या है मालूम ना?"

"वर्षावरच्या मुलाची आई वॉर्डात नको, असा रूल आहे. ही आई नाही. तिला विचारा, तीच सांगेल."

"और बाकी माँवां? वो नै चिल्लाएंगे?"

"बाकीच्यांनी आपली मुलं माझ्या ओटीत घातलेली नाहीत."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. नळीचं सामान तिथे मांडून ठेवलेलं होतं. "तुम लोगां मेरेकू पागल करते," ते म्हणाले. "कल तक. हाथ कोहनी तक धुलाव उसके. कल शाम को वजन नै बढ़ा तो नली डलेगी."

मी धावत अंगणात गेले. भेटीची वेळ संपत आली होती. कौसा अजून तिथेच होती.

"कौसा, माझं एक काम आहे तुझ्याकडे," मी म्हणाले. "माझं लेकरू आजारी आहे. मला दूध नाही. दाई पाहिजे. तू येशील?"

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोलण्यातली फट ती शोधत होती.

"लेकरू तुमचंच ना?" तिने विचारलं.

"माझंच."

"मी नुसती पाजनारी?"

"नुसती पाजणारी. कुणी विचारलं तर तसंच सांगायचं."

"सटवी दाईच्या नशिबाकडं बघत न्हाई ना?"

"दाईचं नशीब दाईच्या लेकराला. हे माझं लेकरू आहे."

ती भिंतीवरून चढूनच आली. फाटकापर्यंत जायला तिला वेळ नव्हता.

सगुणाबाईंनी तिचे हात कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत घासून घेतले, धुतलेली चादर अंगावर दिली आणि तिला कचरूच्या खाटेशी नेलं. मला वाटलं होतं, आता तो झेप घेईल. आईला बघून हसेल. आम्ही दोघी ते बघायला उभ्या होतो.

कचरूने तिच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

कौसाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिने मांडीवर घेतलं तर तो लाकडासारखा ताठ झाला. छातीशी धरलं तर मान वळवली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, हे वळखत बी न्हाई की मला. खरंच तुमचं झालं वो."

"गप," सगुणाबाई म्हणाल्या. "रुसलाय तो. एवढे दिवस कुठं गेल्तीस, ते विचारून राह्यलाय. रुसू दे. घाई करू नको. नुसती बस."

कौसा बसली. पदर डोक्यावरून खाली ओढून घेतला. तिला त्याच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं, त्यामुळे पदराआड दोघंही अंधारात. बाहेरून आम्हाला नुसता पदर दिसत होता. काही वेळ काहीच हललं नाही. मग पदराखालून एक बारीकसा हात बाहेर आला आणि त्याने कौसाच्या छातीवर चापट मारली. पुन्हा मारली. मग तो रडायला लागला. असा रडला की पार बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं डोकावली. डॉक्टरसाहेब खोलीतून बाहेर आले. "क्या हुआ?"

"काही नाही, साहेब," सगुणाबाई म्हणाल्या. "पोरगं जगलं."

रडता रडताच तो प्यायला लागला. गिळण्याचा आवाज येत होता. हुंदका, घोट, हुंदका, घोट. कौसा पदराआडून सारखी म्हणत होती, "म्या न्हाई रे तुझी माय. तुझी माय ती धवळ्या लुगड्यातली. म्या दाई हाय, दाई." मी दारामागे जाऊन डोळे पुसले. नर्सने वॉर्डात रडायचं नसतं, हाही सगुणाबाईंचाच नियम. पण त्या दिवशी त्या स्वतःच दारामागे आधीपासून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काटा थोडासाच, पण वर गेला. नळीचं सामान कपाटात परत गेलं. डॉक्टरसाहेब कचरूचा गाल ओढून म्हणाले, "दाई अच्छी रखे तुम, सिस्टर."

पुढचे दिवस मजेचे होते. कौसा शब्दाला पक्की. मारवाडी आजीने विचारलं, "तेरा लड़का है?" तर ही ठसक्यात सांगायची, "न्हाई वो. शिस्टरबाईचा हाय. मी कामाला हाय." काजळ लावायचं तरी मला विचारायची, "बाई, तुमच्या लेकराला लावू का?" त्याला माझ्याकडे बोट दाखवून शिकवायची, "माय कोन? ती बघ माय." आणि तो शिकला. मी वॉर्डाच्या दारात दिसले की दोन्ही हात वर करून "माय!" म्हणायचा. कौसाला तो काहीच म्हणत नव्हता. तिच्या पदरात नुसता शिरायचा.

खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायला लागलं. आमच्याकडे लग्न केलेल्या नर्सला कामावर ठेवत नसत. माझं एकदा ठरत आलेलं लग्न याच कारणाने राहिलं होतं, आणि ते राहिलं याचं मला तोवर फारसं काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. ड्यूटी संपली तरी मी वॉर्डात घुटमळायचे. बाजारातून लाकडाचं एक बाहुलं आणलं. रात्री खोलीवर पडले की उद्या तो काय करेल याचा विचार करायचे. आई झालेल्या बायका म्हणतात, हात रिकामे वाटतात. मला पूर्वी ते कळायचं नाही. शेकडो मुलं मी उचलली, धुतली, पुसली, पाजली, पण दाराकडे बघून माझ्यासाठी हात वर करणारं तेवढं एकच.

सगुणाबाईंच्या हे लक्षात आलं. बोळे करता करता एकदा म्हणाल्या, "राहेल, वॉर्डातल्या लेकरावर जीव लावावा. लावल्याबिगर ते बरं होत न्हाई. पण त्याचं डिस्चार्जचं कपडं आपण स्वतः घडी घालून ठेवावं, पहिल्या दिवसापासनं." मी हसून सोडून दिलं.

कचरू भिंतीला धरून चालायला लागला आणि म्हातारी आली. बरोबर मुलगा, डोक्यावर सूप, सुपात जोंधळे. ओटीतलं मूल परत घ्यायचं म्हणजे विकत घ्यायचं असतं. तेही रीतीने. म्हातारीने व्हरांड्यात मला पाटावर बसवलं, कचरूला माझ्या ओटीत दिलं, आणि बजावलं, "बाई, मी मागनार. पहिल्या बारीला तुमी न्हाई म्हनायचं. जोरात म्हनायचं. सटवी ऐकून असती. मायेनं न्हाई म्हनलं, म्हंजी लेकरू खरंच तिचं, असं तिला पटतंय. दुसऱ्या बारीला द्यायचं."

"बरं," मी म्हणाले. डॉक्टरसाहेब खोलीच्या दारात मजा बघत उभे होते. मारवाडी आजीही आली होती. कौसा खांबाला टेकून, मान खाली घालून उभी होती. कचरू माझ्या साखळीशी खेळत होता.

म्हातारीने सूप पुढे केलं. "बाई, लेकरू द्या. सूपभर जवारी घ्या."

"नाही देणार," मी म्हणाले.

आवाज माझाच होता, पण मी ठरवला होता तसा नव्हता. व्हरांड्यातलं हसणं थांबलं. माझे दोन्ही हात कचरूभोवती आवळलेले होते. कौसाने मान वर केली. इतक्या दिवसांत तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. घाबरलेली होती ती. सटवीला नाही, मला.

म्हातारीने पुन्हा म्हटलं, "बाई, लेकरू द्या. सूपभर जवारी घ्या."

मला रीत पाठ होती. दुसऱ्या बारीला द्यायचं. पण आवळलेले हात सुटेनात.

सगुणाबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर हात ठेवला आणि माझ्यापुरतंच बोलल्या. "राहेल, दुसऱ्यांदा विचारून राह्यल्यात."

"घेऊन जा," मी म्हणाले.

म्हातारीने जोंधळे माझ्या ओटीत ओतले आणि मूल उचललं. ओटीला वजन आलं, पण ते वेगळंच. तिने कचरूला कौसाच्या हातात दिलं. कौसा त्याला घेऊन उभीच राहिली. त्याच्या तोंडाकडे बघायची तिला आता मोकळीक होती, तरी तिची नजर माझ्यावर.

"बाई," तिने विचारलं, "आता माझा म्हनू का?"

"म्हण," मी म्हणाले.

तिने मान खाली घातली आणि त्याच्याकडे पाहिलं. ओटीत घातल्यापासून पहिल्यांदा, आपला म्हणून. मी उठून आत गेले, कारण वॉर्डात आणखी मुलं होती आणि दुधाची वेळ झाली होती.

कचरू पुढे कसा वाढला, मला ठाऊक नाही. टेंभुर्णीकडचं कुणी आलं की मी चौकशी करायचे, मग तेही सोडलं. डॉक्टरसाहेबांनी मात्र नियमात एक बदल केला. अंगावर पिणारं मूल कितीही मोठं असो, त्याला पाजणारी बाई आत येईल. ती आई आहे की दाई, हे कुणी विचारायचं नाही. नवीन मुलाला भरती करताना आम्ही "खातो का" असं विचारणं बंद केलं. "पोट कशावर भरतं" असं विचारायला लागलो.

मी निवृत्त होईपर्यंत पुष्कळ नव्या पोरी माझ्या हाताखाली शिकल्या. मुलं न जगलेल्या घरची माणसं पायरीवर अडून बसली की त्या मला विचारायच्या, ओटीत घ्यावं का? मी सांगायचे, जरूर घ्या. वाद घालण्यापेक्षा मूल लवकर आत येतं. फक्त परत देण्याच्या दिवशी एकट्या बसू नका. मागे एखादी सिनियर सिस्टर उभी राहू दे.